परकार मॅडमचा पतंग

परकार मॅडम बोलताना समोरच्याकडे बघत नसत. तुमच्या कानाच्या बाजूला, खांद्याच्या जरा वर त्यांची नजर लागलेली असायची, तुमच्या मागे कोणी येऊन उभं राहावं तशी. पूर्वी असं नव्हतं. पूर्वी त्या माणसाकडे इतक्या रोखून बघायच्या की नवीन प्राध्यापक गडबडून जायचे. शेवटच्या काही वर्षांत ही तिरकी नजर आली आणि स्टाफरूमने ठरवून टाकलं, रिटायरमेंट जवळ आली तशी बाईंना मिजास आली.

हमीदा परकार. पनवेलच्या आमच्या कॉलेजात त्या प्राणिशास्त्र शिकवायच्या, मी मराठी. विषयांचा एकमेकांशी काही संबंध नाही, पण आमची कपाटं शेजारी होती, आणि कपाटाचा शेजार घराच्या शेजारापेक्षा घट्ट असतो. उंच, हाडकुळ्या, सुती सलवार-कमीज, ओढणी दोन सेफ्टीपिनांनी खांद्यावर पक्की केलेली. पर्समध्ये कंगवा-रुमाल असला तर असायचा, रिकाम्या डब्या मात्र हमखास. होमिओपॅथीच्या गोळ्यांच्या, कुंकवाच्या, अंगठीच्या. कुणाचा वाढदिवस असला की त्या म्हणायच्या, "मिठाई तुम्ही खा, डबा मला द्या." सुरुवातीला लोक हसायचे. मग आपोआप बाजूला काढून ठेवू लागले.

त्या डब्यांत पतंग असायचे. उडवायचे नव्हेत, दिव्यावर येतात ते. फुलपाखरांवर सगळेच जीव टाकतात, असं त्यांचं म्हणणं; पतंगांकडे बघायला कोणी नाही. नवरा कुवेतला नोकरीला होता, तिथेच वारला, तिथेच दफन झाला. मूलबाळ नव्हतं. मोहल्ल्याच्या टोकाला दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांचं घर. फजरची नमाज झाली की त्या बाहेर पडायच्या आणि थेट एसटी स्टँडवर जायच्या. तिथल्या भिंतींवर रात्रभर ट्यूबलाइट जळत असायची, त्यामुळे पहाटे पतंग चिकटून बसलेले सापडायचे. डोक्यावर ओढणी घेतलेली एक बाई रोज पहाटे मुतारीच्या भिंतीला नाक लावून उभी राहते, हे पाहून एकदा हवालदाराने हटकलं.

"काय हो बाई, काही हरवलंय का?"

"नाही," मॅडम भिंतीवरची नजर न काढता म्हणाल्या, "सापडतंय."

हा किस्सा त्यांनीच मला सांगितला होता, आणि हवालदाराचं कौतुक केलं होतं. नंतर म्हणे तो रात्रपाळीला असला की मोठा पतंग दिसल्यावर त्यावर कुणाला बूट मारू द्यायचा नाही.

त्यांचं एक वाक्य कॉलेजात म्हणीसारखं झालं होतं. "दिसतं ते सांगा, वाटतं ते नंतर." मुलं पाठीमागे नकला करायची. पण प्रॅक्टिकलच्या परीक्षेत त्या वाक्याला धार असायची. एका वर्षी एका हुशार मुलाने झुरळाच्या पचनसंस्थेची देखणी आकृती काढली, सगळी नावं जागच्या जागी. मॅडमनी त्याच्या ट्रेमधलं झुरळ पाहिलं, तर त्याचा पार चिखल झालेला. त्यांनी शून्य दिलं. शेजारच्या मुलाचाही चिखलच झाला होता, पण त्याने तो चिखल जसाच्या तसा काढला होता आणि खाली लिहिलं होतं, "आतडं तुटलं, पुढचं दिसत नाही." त्याला पूर्ण मार्क. हुशार मुलाचे वडील येऊन भांडून गेले. दुसरा मुलगा जितेंद्र म्हात्रे, जासईचा. तो पुढे थिअरीत नापास झाला, कॉलेज सोडून गेला, जासईलाच एका कंटेनर यार्डात कंत्राटावर सुपरवायझर म्हणून लागला. पण ईदला आणि शिक्षकदिनाला मॅडमकडे यायचा चुकला नाही.

स्वतःच्या बाबतीतही त्या तशाच होत्या, आणि तिथे ते जास्त कठीण असतं. एकदा कर्नाळ्याच्या पायथ्याशी त्यांना एक लहानसा राखाडी पतंग मिळाला. कुठल्याच पुस्तकात बसेना. बोलता बोलता त्या प्राचार्यांना म्हणाल्या, नवीन प्रजाती असू शकेल. प्राचार्यांनी त्यातलं 'असू शकेल' गाळलं. दोन दिवसांत गेटवर बॅनर लागला, मॅडमचा फोटो, संस्थेच्या अध्यक्षांचा त्याहून मोठा फोटो, आणि स्थानिक पेपरात बातमी. महिन्याभराने मॅडमना कळलं की तो पतंग जुनाच आहे, फक्त रंग विटलेला. त्या त्याच दुपारी पेपरच्या ऑफिसात गेल्या. संपादक म्हणाला, "जाऊ द्या हो मॅडम, कोण विचारणार आहे?" त्या म्हणाल्या, "मी विचारतेय ना." खुलासा छापून आला, सोन्याच्या भावाखाली, दोन ओळींत. मग त्यांनी शिपायाकरवी शिडी मागवली आणि बॅनर उतरवून घेतला. अध्यक्षांचा फोटो खाली उतरवला गेल्याचं अध्यक्ष विसरले नाहीत.

पुढे प्राणिशास्त्र विभाग बंद करायचा विषय निघाला, तेव्हा ते दिसलं. मुलं येत नव्हती हे खरं होतं. सगळ्यांना कॉम्प्युटर हवा होता. पण विभागाची खोली इतक्या घाईने रिकामी करायची गरज नव्हती. मॅडमनी आयुष्यभर जमवलेला पतंगांचा संग्रह, काचेच्या झाकणांच्या लाकडी पेट्या, सगळ्या जिन्याखालच्या ओलसर खोलीत गेल्या. किल्ली ऑफिसात. ती मिळवायला त्या अर्जावर अर्ज करत राहिल्या. मिळाली तेव्हा एक अख्खा पावसाळा उलटून गेला होता. मी त्यांच्याबरोबर होते. पहिल्या पेटीचं झाकण उचललं तर आत तपकिरी भुकटी. किड्यांनी किडे खाल्ले होते. ओळीने पिना उभ्या होत्या आणि प्रत्येक पिनेखाली मॅडमच्या बारीक अक्षरातली चिठ्ठी, नाव, जागा. पिनेवर मात्र काहीच नव्हतं. त्यांनी दुसरी पेटी उघडली, तिसरी उघडली. मग उघडायच्या थांबल्या.

"राहू द्या, पाटणकर," त्या मला म्हणाल्या. "चला, चहा पिऊ."

चहा त्या प्यायल्या नाहीत.

त्याच सुमाराला पहाटेचं स्टँडवर जाणंही थांबलं. मी विचारलं तर म्हणाल्या, भिंतीवर काही येतच नाही आता. ते खरंच होतं. उलव्याकडचा डोंगर विमानतळासाठी कापून काढला होता, जिकडे तिकडे पांढरे झगझगीत दिवे लागले होते. पण थांबण्याचं दुसरंही कारण होतं, आणि ते मला फार उशिरा कळलं.

त्या रिटायर झाल्या त्या वर्षीच्या दिवाळीनंतर जितेंद्र एका संध्याकाळी त्यांच्याकडे आला. मी तिथेच होते. आठवड्यातून एकदा तरी मी जायचे. त्याने जेवणाचा डबा उघडला. आत कापसावर एक कोश होता. सोनेरी जाळीचा, विणलेल्या पिशवीसारखा, आणि जाळीतून आतला काळपट जीव दिसत होता.

"कंटेनरच्या दाराच्या बिजागरीत व्हता, मॅडम. भायेरच्या बाजूनं. इक्वेडोरवरनं सागाचे ओंडके आलेत त्यात. आतून धूर मारून येतात, पन भायेर कोन बगतोय? पोरं झाडूनं काडत व्हती, मी म्हटलं थांबा. काजूवरचाच हाय ना ह्यो?"

आपल्याकडे काजूवर, आंब्यावर असा जाळीचा कोश करणारा एक रेशीम पतंग असतो, हे मला तेव्हा कळलं. मॅडमनी डबा हातात घेतला. कोशाकडे बघितलं नाही. बोटाच्या टोकाने चाचपला, अगदी हलक्या हाताने, बाळाची टाळू चाचपतात तसा.

"एकटाच होता? की घोळका?"

"येकटाच."

"काजूवरचे घोळक्याने असतात," त्या म्हणाल्या. "पण ते आपल्याला वाटतं. बघू या बाहेर कोण येतं ते."

कोश गॅलरीत, जाळीच्या जेवणझाकणीखाली टांगला गेला. त्यानंतर मॅडमच्या आवाजात काहीतरी बदललं. रोज संध्याकाळी फोन यायचा, काही नाही झालं अजून, एवढंच सांगायला. पेट्यांच्या त्या दिवसापासून त्यांनी आपणहून मला फोन केलेला नव्हता.

एका सकाळी फोन आला. "कॉलेजला जायच्या आधी या, पाटणकर. डोळे घेऊन या."

मला ती थट्टा वाटली. मी पोचले तेव्हा खालच्या मजल्यावरच्या फातिमाभाभी दारात उभ्या होत्या. माझ्याच वयाच्या, माझ्याच अंगलटीच्या. त्याच मॅडमना दोन वेळचं जेवण पाठवायच्या. "देखो ना बाई, केवढा मोठ्ठा आहे," त्या भीत भीत म्हणाल्या.

झाकणीच्या जाळीला धरून पतंग लोंबकळत होता. तळहाताएवढा. वाळलेल्या पानाचा रंग, त्यात गुलाबीची झाक, मागच्या पंखांवर एकेक गोल डोळा. पंखांवर मध्येच पारदर्शक ठिपके होते, त्यातून मागची गॅलरीची जाळी दिसत होती. मला एकदम वाटलं, हे असलं काही मी कधीच पाहिलेलं नाही, आणि पुन्हा पाहणार नाही.

"आता सांगा," मॅडम म्हणाल्या. "पुढच्या पंखावर काचा किती?"

"तुम्ही पाहिल्या नाहीत?"

त्यांनी झाकणीच्या जाळीवरून बोट फिरवलं. मग म्हणाल्या, "मला मधोमध काही दिसत नाही. जिथे बघावं तिथेच डाग. कडेकडेचं दिसतं. तुमची साडी दिसते, चेहरा नाही. डॉक्टरांनी सांगितलंय, डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग गेलाय, तो येत नाही. कॉलेजात कुणाला बोलले नाही. आंधळ्या बाईला सूक्ष्मदर्शकावर कोण बसू देईल?"

त्या तिरक्या नजरेचा हा अर्थ होता.

"काचा मोजा," त्या म्हणाल्या.

"तीन."

"मोजल्यात की वाटल्या?"

मी पुन्हा वाकले. तिसरीच्या बाजूला, मोहरीच्या दाण्याएवढी आणखी एक होती. "चार. चौथी अगदी बारीक आहे."

"दोन्ही पंखांवर?"

"दोन्ही."

मग त्यांनी मला एकेक विचारलं. डोळ्याभोवती कडं आहे का, कडं अख्खं आहे की तुटलेलं, आतल्या बाजूची रेघ सरळ की वाकडी, मिशा पिसासारख्या की दोऱ्यासारख्या. मी आयुष्यात इतकं नीट काही पाहिलं नसेल. संपल्यावर त्या खुर्चीत मागे टेकल्या.

"मादी आहे," त्या म्हणाल्या. "आणि ही काजूवरची नव्हे. ही कोपॅक्सा. दक्षिण अमेरिकेची." एवढं बोलून त्या हसल्या. ते हसू मी त्यांच्या तोंडावर फार वर्षांनी पाहिलं.

पण कोपॅक्सा हे झालं घराण्याचं नाव. त्यात पुष्कळ जाती, एकीसारखी दुसरी. मॅडमनी मला फोटो काढायला लावले आणि युरोपातल्या एका म्हाताऱ्या संशोधकाला मेल लिहायला सांगितला. त्याच्याशी त्यांचा जुना पत्रव्यवहार होता. उत्तर लवकर आलं. त्याने लिहिलं होतं, दोनपैकी एक जात असेल. एक साधी. दुसरीचे जगात मोजके नर मिळालेत, मादी अजून कुणीच पाहिलेली नाही. फोटोवरून ठरवता येणार नाही, शरीर तपासावं लागेल. काही झालं तरी नमुना सांभाळा, निदान एक पाय तरी.

मी ते दोनदा वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "कुणीच पाहिलेली नाही. आणि आली कुणाकडे, बघा."

या पतंगांना तोंड नसतं. कोशातून निघाल्यावर ते खात नाहीत, पीत नाहीत. असतील ते थोडे दिवस जगतात आणि संपतात. त्या दिवसांत मी रोज जात होते. संध्याकाळी मगरिबची अजान झाली की मादी जाळीवर चढून स्थिर व्हायची आणि पोटाचं टोक बाहेर काढून तशीच बसायची.

"काय करते ही?"

"नराला बोलावतेय. आपल्याला न येणारा वास सोडतेय. तिच्या देशात मैल मैल लांबून नर येतात." मॅडम तिच्या शेजारी स्टूल टाकून बसल्या होत्या. "हिला काय माहीत कुठे आलोय आपण. रोज बोलावतेय बिचारी."

खाली रिक्षांचे हॉर्न वाजत होते. मॅडम पुष्कळ वेळ तिथून उठल्या नाहीत.

मादी मेली त्या दिवशी जितेंद्रही आला होता. मॅडमनी तिला पिनेवर घेतलं. पंखांना बोट लागलं की रंग झडतो, म्हणून त्या पंखांना हात लावत नव्हत्या. कागदाच्या पट्ट्या आणि सुईचं टोक, एवढ्यावर चाललं होतं. मान एका बाजूला वळवून, डोळ्याच्या कडेने अंदाज घेत. एकदा बारीकसा आवाज आला.

"मिशी तुटली?"

"हो, उजवी."

"लिहा. उजवी मिशी तुटलेली, माझ्या हातून."

सगळं झाल्यावर त्यांनी हात पुसले आणि म्हणाल्या, "आधीच उशीर केला मी. आता कळवायला हवं."

परदेशातून आलेला जिवंत किडा सापडला तर सरकारी कार्यालयाला कळवायचं असतं. त्यात जितेंद्रची नोकरी अडकली आहे, हे त्याच्या चेहऱ्यावरून मला आधी कळलं, मग त्याच्या बोलण्यातून.

"मॅडम, ती तर मेली. कशाला कळवायचं? यार्डातनं भायेर काडला म्हंजे माझ्यावर येनार."

"त्या कंटेनरवर आणखी कोश असले तर? एखाद्यातून नर निघाला तर? बाहेरचा किडा कुठल्या झाडावर जगेल सांगता येतं? इथून कोकणात जायला किती वेळ?"

"मग नमुना ते घेऊन जातील," मी म्हणाले. "मॅडम, ही जगातली पहिली असेल कदाचित. निदान एक पाय काढून ठेवा. मेलमध्ये त्यांनीच सांगितलंय ना. कुणाला कळणार आहे?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, म्हणजे माझ्या खांद्याकडे. "पाय काढून ठेवायचा आणि संपूर्ण नमुना दिला म्हणून सही करायची?" मग जितेंद्रच्या दिशेला वळून, जरा खालच्या आवाजात, "तुझं नाव मी लपवू शकत नाही, बाळा. कुठे मिळाला हे सांगावं लागेल. तू नको म्हण, मी नाही कळवणार."

आयुष्यात त्यांनी कुणाला दिलेली ही एकच सूट मी ऐकली. जितेंद्रच्या घरी आई, बायको, दोन पोरी.

"सांगा तुमी," तो शेवटी म्हणाला. "आमाला तुमीच तसं शिकवलंय."

अधिकारी आले ते वयाने तरुण होते, सभ्य होते. हे मला मुद्दाम सांगायचंय, कारण नंतर मला कुणालातरी शिव्या द्याव्याशा वाटल्या आणि देण्याजोगं कोणी सापडलं नाही. त्यांनी डबीतली मादी पाहिली, कोश पाहिला, जितेंद्रला विचारलं, कंटेनर यार्डात बरेच दिवस उभा होता का? शेजारी झाडं आहेत? जितेंद्र म्हणाला, "भिंतीला लागून आंबा हाय."

"मॅडम, हा आपल्याकडचाच नाही कशावरून? जाळीचा कोश तर तसाच दिसतो."

मॅडमनी सांगायला सुरुवात केली. चार काचा, कड्याची ठेवण, रेघेचं वळण. तास घेतल्यासारख्या बोलत होत्या, मधली सगळी वर्षं पुसून गेल्यासारख्या. अधिकारी लिहून घेत होते. मग त्यांनी सहज विचारलं, "हे सगळं तुम्ही स्वतः तपासलंत ना?"

मला ओरडून सांगावंसं वाटलं, हो म्हणा. फक्त हो म्हणा.

"नाही," मॅडम म्हणाल्या. "मला दिसत नाही. यांनी बघून सांगितलं."

"या कोण? प्राणिशास्त्राच्याच का?"

"नाही. मराठीच्या."

अधिकाऱ्यांचं पेन थांबलं. मग त्यांनी काहीतरी छोटंसं लिहिलं आणि वही मिटली. डबी आणि कोश घेऊन जाताना ते जिन्यात वाकून म्हणाले, "काळजी घ्या मॅडम."

पुढचं सगळं थोडक्यात आहे. दोन महिने काही कळलं नाही, म्हणून आम्ही दोघी रिक्षाने त्या कार्यालयात गेलो. बराच वेळ बसवून ठेवल्यावर एका बाईंनी फाइल काढली.

"तो पतंग ना? तपासणीला पाठवला होता. पोचला तेव्हा पंख तुटलेले होते. कोशावरून स्थानिक जात असं ठरवलंय. काजूवरची."

"मग तो मला परत मिळेल का?" मॅडमनी विचारलं.

"नाही हो, नष्ट केला. प्रकरण बंद झालं ना."

"आणि कंटेनर? बाकीचे तपासले?"

"स्थानिक म्हटल्यावर ते कशाला तपासतील?"

मॅडमनी त्यांचे आभार मानले. खरोखर मानले. पायऱ्या उतरताना त्यांनी माझा दंड धरला होता, आणि त्यांच्या हाताची पकड मला दुसऱ्या दिवशीपर्यंत जाणवत होती.

जितेंद्रला यार्डाने काढून टाकलं. स्थानिक किडा असला तरी गेटबाहेर विनापरवाना वस्तू नेली, हे होतंच. मॅडमना हे त्याने सांगितलं नाही, दुसऱ्याकडून कळलं. त्या मला घेऊन जासईला गेल्या. रस्त्यात ट्रेलरच्या रांगा, धूळ, हॉर्न. जितेंद्रच्या आईने चहा केला, बिस्किटं ठेवली.

"तुमच्यामुलं नाय, मॅडम," तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. "ते आमाला काडनारच व्हते."

"माझ्यामुळेच," मॅडम म्हणाल्या. "खोटा दिलासा द्यायला मी तुला शिकवलं नाही."

ते ऐकून त्याला बरं वाटलं नाही, मलाही नाही. न्हावा शेव्याला ट्रेलरवर क्लीनर म्हणून जाईन म्हणाला. त्या वर्षी ईदला तो आला नाही. मॅडम दिवसभर दार उघडं ठेवून बसल्या होत्या, असं फातिमाभाभींनी मला सांगितलं.

त्यानंतर मॅडमनी पतंगाचं नाव काढलं नाही. युरोपातल्या त्या म्हाताऱ्याचे दोन मेल आले, नमुन्याचं काय झालं विचारणारे. मी म्हटलं, उत्तर लिहू? त्या म्हणाल्या, "काय लिहिणार? आपल्याकडे काय आहे?" फोटो आहेत, मी म्हणाले. "फोटोवरून ठरत नाही, त्यांनीच लिहिलंय." मी तरी दोन ओळी लिहून पाठवल्या. पुन्हा काही आलं नाही. म्हातारा माणूस होता.

एकदा मात्र, मी निघताना, त्यांनी विचारलं, "पाटणकर, खरं बोलून काय झालं हो?"

मी आयुष्यभर मुलांना निबंध लिहायला शिकवला. या विषयावर तर दरवर्षी. त्यांनी माझी वाट पाहिली, मग म्हणाल्या, "खैर. जिन्यातला दिवा गेलाय, जपून उतरा."

नजर आणखी अधू झाली. दूध उतू जायला लागलं, एकदा ओढणीने पेट घेतला. म्हसळ्याहून त्यांचा भाऊ आला आणि त्यांना कायमचं घेऊन जायचं ठरलं. त्या नको म्हणाल्या नाहीत. मला ते नको म्हणणं ऐकायचं होतं.

जायच्या दिवशी दुपारी मी पोचले तेव्हा गल्लीत जीप उभी होती, सामान भरून झालं होतं. सामान काय, दोन बॅगा, एक गादी. मोहल्ल्यातल्या बायका गोळा झालेल्या. मॅडम जीपच्या दारापाशी उभ्या, भावाने कोपर धरलेलं. मी गर्दीतून वाट काढत होते. तेवढ्यात फातिमाभाभी पुढे झाल्या. त्या दिवशी त्यांनी नेमकी साडी नेसली होती, निळसर, मी नेहमी नेसते त्या रंगाची. त्या रडत होत्या, त्यांच्या तोंडून शब्द फुटत नव्हता. मॅडमनी त्यांचे दोन्ही हात हातात घेतले.

"आलात, पाटणकर," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, कॉलेज आहे, येणार नाही तुम्ही."

फातिमाभाभींनी चमकून माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्यापासून दोन हातांवर होते. मी मान हलवली, की सांगू नका.

"तिकडे मला बोलायला कोणी नाही," मॅडम म्हणत होत्या, फातिमाभाभींच्या खांद्याकडे बघत. "सगळे चांगले आहेत, पण बोलायला कोणी नाही. येत जा कधीतरी. लांब आहे, पण येत जा. याल ना?"

भाभी मुक्याने मान हलवत राहिल्या. मॅडमना ते दिसलं असावं, कारण त्यांनी त्यांचे हात थोपटले आणि सोडले. भावाने त्यांना पुढच्या सीटवर बसवलं, ओढणी आत घेऊन दार लावलं. जीप निघाली. मॅडम खिडकीतून बाहेर हात काढून निळ्या साडीच्या दिशेला हलवत होत्या, आणि गल्लीच्या वळणापर्यंत तो हात बाहेर होता.